सोफ्यावर बसवून ठेवलेली माणसे

(वाचकांचे प्रश्न, सदराची उत्तरे)

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच मालिकेविषयी आहेत. पत्रलेखकांनी मालिकेचे नाव ठळक अक्षरांत लिहिले आहे. मी ते गाळले आहे, कारण मालिका अजून चालू आहे, तिच्यावर अनेकांचे पोट आहे आणि तिचे दुखणे तिच्या एकटीचे नाही. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाची ही गोष्ट आहे. टीआरपी घसरू लागल्यावर रंगभूमीवरील दोन नामवंत ज्येष्ठ कलावंतांना, एकाला आजोबा आणि एकीला आत्या म्हणून, वाजतगाजत आणण्यात आले. पुढे मालिकेची वेळ बदलली, कथानकात पाच वर्षांचा लीप, म्हणजे काळाची उडी, आला आणि वाचकांमध्ये वाद सुरू झाला.

प्रश्न : प्रोमोमध्ये आजोबा दारात उभे राहून ‘हे घर माझं आहे’ असे म्हणाले, तेव्हा आम्ही दोघी जावांनी सोडून दिलेली मालिका पुन्हा पाहायला घेतली. आता तीन महिने झाले. आजोबा सोफ्यावर बसलेले असतात, घरात भांडण झाले की चष्मा काढतात, पुन्हा घालतात आणि शेवटी ‘चला, पाने घेतली आहेत’ असे म्हणतात. इतक्या मोठ्या नटाला आणून हेच करायचे होते, तर आणले कशाला? — एक वाचिका, कोथरूड

उत्तर : चष्म्याचे तुमचे निरीक्षण अचूक आहे. ते चष्मा काढणे आजोबांपेक्षा संकलकाच्या अधिक कामाचे असते. दिवाणखान्यात आठ माणसे उभी आहेत आणि सून एक वाक्य बोलते. त्यानंतर आठही जणांचे चेहरे एकापाठोपाठ एक दाखवले, की अर्धे मिनिट सहज भरून निघते. अर्ध्या तासाच्या मालिकेत, तासाला १२ मिनिटे जाहिरातींची मर्यादा धरली, तरी गोष्टीसाठी सुमारे २४ मिनिटे उरतात. त्यातून कालच्या भागाची उजळणी, शीर्षकगीत आणि उद्याची झलक वजा करा. उरलेला वेळ आठवड्यातून सहा दिवस भरायचा असेल, तर सेटवर दिवसाला जवळजवळ एक भाग चित्रित व्हावा लागतो, आणि त्या घाईत अनुभवी नटाचा बोलका चेहरा ही हाताशी असलेली सर्वांत सोयीची वस्तू ठरते.

खरे कारण मात्र तारखांमध्ये आहे. ज्येष्ठ नटाचे दिवसाचे मानधन अधिक असते, त्याच्या नाटकाचे प्रयोग लागलेले असतात, प्रकृतीचे पथ्य असते, त्यामुळे महिन्यातील ठरावीक दिवसच तो मालिकेला देतो. भाग हाताशी शिल्लक नसताना मुख्य धागा अशा माणसावर टांगला आणि त्याची एक तारीख हुकली, तर सगळे चित्रीकरण अडते. मी स्वतः काही काळ मालिकेचे संवाद लिहिले आहेत. ‘यांच्यावाचून सीन होईल असे लिहा’ ही सूचना मला जितक्या वेळा आली, तितकी दुसरी कोणतीही आली नाही. म्हणून नटाला अशा जागी बसवले जाते, की तो नसला तरी चालेल. आणि एकदा चालते असे दिसले, की मग तसेच चालू राहते.

प्रोमोचा हिशेब वेगळा असतो. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात, आणि नव्या माणसाच्या आगमनाने पुढच्या एकदोन गुरुवारांची काळजी मिटते. आगमन संपल्यावर काय, याचा विचार बहुधा त्या दिवशी झालेला नसतो. या मालिकेबाबत मला राग आहे तो एवढ्याचसाठी, की विचार करायला सामग्री हाताशी होती. ‘हे घर माझं आहे’ असे पुण्यातल्या पुनर्विकसित वाड्याच्या दारात उभे राहून एखादा वृद्ध म्हणतो, तेव्हा मालक कोण, भाडेकरू कोण, बिल्डरबरोबरच्या करारनाम्यावर सह्या कोणाच्या, प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचे आणि ज्या भावाला एक खोलीसुद्धा मिळाली नाही तो कुठे गेला, हे सगळे प्रश्न एका वाक्यात दारात येऊन उभे राहतात. पेठांमधील निम्म्या घरांना हे कथानक तोंडपाठ असेल. मालिकेने ते वाक्य प्रोमोपुरते वापरले आणि दुसऱ्या आठवड्यात आजोबांना पाने वाढल्याची वर्दी द्यायला बसवले.

प्रश्न : ज्येष्ठ कलावंतांविषयी वाचकांना आलेला हा उमाळा मला पटत नाही. मालिका तरुण जोडप्याची आहे. आत्या कुलूपबंद ट्रंक घेऊन आली आणि तिचा भूतकाळ सुरू झाला, की आमच्या घरात रिमोट शोधला जातो. म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर मराठी मालिका चालली, असे एक तरी उदाहरण आहे का? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : एक मागितले आहे, पण मी थोडी अधिक देते.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, तेव्हा आबा टिपरे झालेल्या दिलीप प्रभावळकरांचे वय ५७ वर्षे होते, म्हणजे ते भूमिकेपेक्षा बरेच तरुण होते. घरात कमावता मुलगा, सून आणि दोन नातवंडे होती. तरीही गोष्ट आबांच्या रोजनिशीतून सांगितली जात होती. इतर पात्रांचे आयुष्य आबांच्या नजरेतून गाळून आपल्यापर्यंत येत असल्यामुळे, आबा गप्प बसलेले असले तरी ते फर्निचर होत नसत. ती मालिका साप्ताहिक होती, हे तुम्ही लगेच म्हणाल, आणि ते खरे आहे. आठवड्याला एक भाग लिहिणाऱ्याला जो निवांतपणा मिळतो, तो दैनंदिन मालिकेच्या लेखकाला नसतो.

म्हणून दैनंदिन मालिकांकडे येऊ. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर अकरा वर्षांहून अधिक काळ चालली, तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले, आणि रोहिणी हट्टंगडी यांची सासू हा तिचा कणा होता. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर आलेल्या ‘अग्निहोत्र’मध्ये विक्रम गोखले, मोहन आगाशे, मोहन जोशी आणि विनय आपटे अशी मंडळी एकत्र होती. अशी नामावली असली, की सगळ्यांना एका फ्रेममध्ये उभे करून नमस्कार घालण्याचा मोह होतो. तिथे तसे झाले नाही, कारण नाशिकच्या वाड्यातून पांगलेल्या घराण्याचा माग एक तरुण काढत जातो, अशी रचनाच होती. प्रत्येक ज्येष्ठ पात्र भेटले, की एका जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळे आणि दुसरा प्रश्न उभा राही. तरुणांची गोष्ट आणि वृद्धांची गोष्ट असे दोन वेगळे ट्रॅक तिथे नव्हतेच.

‘अग्गंबाई सासूबाई’ने २०१९ मध्ये याहून सरळ मार्ग घेतला. सून आपल्या विधवा सासूचे लग्न लावून देते, हेच कथानक असल्यामुळे निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांना बाजूला बसवणे शक्यच नव्हते. त्यांच्या वाटेत उभे राहिलेले हेकट आजोबा रवी पटवर्धनांनी असे उभे केले, की त्यांनी होकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक होते. दोन मालिकांमधल्या फरकाची जागा हीच आहे. त्या आजोबांना नाही म्हणण्याचा अधिकार होता. तुमच्या मालिकेतले आजोबा हो म्हणाले काय आणि नाही म्हणाले काय, सुनेचा निर्णय पुढच्या दृश्यात झालेलाच असतो.

माझे सर्वांत आवडते उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’चे आहे. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक आरंभीच मरण पावतात. कथा त्यांच्या मागे उरलेल्या कुटुंबाची होती. २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला, माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत होऊन मालिकेच्या मध्यभागी आले, आणि मग प्रेक्षकांनी त्या पात्राला असे डोक्यावर घेतले, की तिसऱ्या पर्वातही त्यांना टाळता आले नाही. फोटोला हार घालून निरोप दिलेले पात्रच मालिकेचे भांडवल ठरले.

आत्याच्या ट्रंकेबाबत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. आत्या भूतकाळ सांगते, आपण करड्या रंगातील जुनी दृश्ये पाहतो आणि तेवढा वेळ आजचे घर थांबून राहते. हा कंटाळा वयाचा नाही, आजच्या घरातल्या कोणाचेही त्या ट्रंकेवाचून काही अडलेले नाही याचा आहे. तिच्यात सुनेच्या नावाचा एखादा कागद असता, तर तुमच्या घरात रिमोट कोणी शोधला नसता.

प्रश्न : आत्या झालेल्या बाई इतक्या मोठ्या अभिनेत्री आहेत. त्या असल्या कामाला नकार का देत नाहीत? — एक वाचिका, धायरी

उत्तर : त्यांच्या वतीने मी बोलणार नाही. एवढे सांगते, की प्रायोगिक नाटकाच्या मानधनावर कोणाचेही घर चालत नाही, आणि मालिकेचे पैसे काम झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी हातात पडण्याची रीत असल्याने आज नकार दिला तर त्याची झळ पुढच्या तिमाहीत लागते. शिवाय करारावर सही होते तेव्हा भूमिका कागदावर चांगलीच असते.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून, राज्य नाट्य स्पर्धेत पंचवीसएक वर्षे कामे केली आहेत. अलीकडे मालिकांमधून न्यायाधीश, डॉक्टर, गुरुजी अशा एकदोन दिवसांच्या कामांसाठी बोलावणे येते. मागच्या खेपेस मुंबईतील मढ येथील सेटवर सकाळी सातची वेळ दिली होती, पहिला शॉट दुपारी चारनंतर झाला आणि त्यात मला केवळ मान हलवायची होती. त्याच सेटवर एक ज्येष्ठ नट दिवसभर बसून होते. आमच्यासारख्यांनी अशा कामात काय करावे? — एक हौशी कलाकार, नारायण पेठ

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला पुण्याहून जाणाऱ्या सगळ्याच कलाकारांची दगदग आठवली. डेक्कन क्वीन पुणे स्थानकातून सव्वासातला सुटते. सातची शिफ्ट असलेल्या माणसाच्या ती काहीच उपयोगाची नाही. त्याला आदल्या रात्री मुंबई गाठावी लागते किंवा पहाटे तीनला द्रुतगती मार्गाला लागावे लागते, आणि नऊ तास वाट पाहून मान हलवावी लागते. वयाच्या सत्तरीत हे करणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो, आणि करायला लावणाऱ्यांविषयी अर्थातच वाटत नाही.

वाट पाहण्याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. नायक-नायिकेचा जो सीन रात्री लिहून आला, तो आधी उरकला जातो, कारण त्यांचा चेहरा प्रत्येक भागात लागतो. बाकीच्यांना ‘हाताशी असू द्या’ म्हणून सकाळपासून बोलावलेले असते. बोलावणे येईल तेव्हा समन्वयकाला आपला पहिला सीन कितवा आहे ते आदल्या रात्री विचारा. उत्तर मिळेलच असे नाही, पण विचारणाऱ्याला थोडे उशिरा बोलावले गेल्याचे मी पाहिले आहे.

मान हलवण्याविषयी एक सुचवते. न्यायाधीशाला वकिलाचे म्हणणे पटले म्हणून मान हलवायची आहे, की ऐकून कंटाळा आला म्हणून, एवढे दिग्दर्शकाला विचारून घ्या. त्याला बहुधा माहीत नसेल, पण तुमच्या प्रश्नामुळे त्याला काहीतरी ठरवावे लागेल. भरत नाट्य मंदिरात पाचव्या रांगेपर्यंत पोहोचणारा हावभाव कॅमेऱ्यासमोर निम्मा करावा लागतो, हे स्पर्धेतून आलेल्या कलाकाराला मी सांगायला नको.

प्रश्न : आजोबांचे काम करणारे नट गेले दोन आठवडे दिसत नाहीत. विचारले की घरातील पात्रे ‘ते तीर्थयात्रेला गेलेत’ असे म्हणतात. ‘ठरलं तर मग’मध्ये ज्योती चांदेकर यांच्या निधनानंतर पूर्णा आजीची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांच्याकडे देण्यात आली, तेव्हाही मला वाईट वाटले होते. ज्येष्ठ पात्राच्या नसण्याला मालिका सन्मानाने सामोरी जाऊ शकत नाही का? — एक वाचक, औंध

उत्तर : तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, म्हणून त्या सोडवून घेते.

ज्योती चांदेकर यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात निधन झाले. तेव्हा मालिकेपुढे दोनच वाटा होत्या. पात्राला निरोप द्यायचा किंवा ते दुसऱ्या अभिनेत्रीकडे सोपवायचे. पूर्णा आजी ही घरातील शब्द चालणारी बाई असल्याने तिला काढून घेणे कथेला परवडणारे नव्हते, आणि माझ्या मते भूमिका चालू ठेवणे हाच तिचा मान होता. रवी पटवर्धन डिसेंबर २०२० मध्ये गेल्यानंतर त्यांचे आजोबाही पुढच्या ‘अग्गंबाई सूनबाई’मध्ये मोहन जोशी यांच्याकडे गेले. प्रेक्षकाला काही दिवस नवा चेहरा खुपतो, हे मान्य आहे. पण ज्या पात्राची जागा भरावी लागते, ते पात्र कथेत काम करत होते, एवढे त्यातून निश्चित कळते.

तीर्थयात्रेचे प्रकरण निराळे आहे. या क्लृप्तीचा सुकाळ मी २०२० मध्ये पाहिला. टाळेबंदीनंतर चित्रीकरणाला परवानगी देताना राज्य शासनाने ६५ वर्षांवरील व्यक्तींना सेटवर येण्यास मनाई केली होती. एका ज्येष्ठ कलावंताने त्याविरुद्ध दाद मागितली आणि ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मधल्या काळात आम्ही संवादलेखक आजी-आजोबांना गावी पाठवत होतो, मुलीकडे पाठवत होतो, फोनवर बोलवत होतो. त्या अटीमागची भीती खोटी नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळ मालिकेचे चित्रीकरण करत असताना आशालता वाबगावकर यांना करोनाची लागण झाली आणि त्या गेल्या. ज्यांना घरी बसवले ते पोटासाठी न्यायालयात गेले आणि जे कामाला आले त्यांच्यापैकी एक परतल्या नाहीत; त्या वर्षाविषयी बोलताना मी आजही कोणाची एक बाजू घेऊ शकत नाही.

पण त्या काळात एक वाईट सवय लागली. आजोबा नसले तरी घराचे काही अडत नाही, हे लेखकांना कळले. आता साथ नाही, तरी तारीख नसली की पात्र तीर्थयात्रेला जाते. माझी हरकत जाण्याला नाही, घरात कोणालाच त्यांची उणीव न भासण्याला आहे. नातीने एकदा त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बसताना अडखळावे, औषधाच्या डबीतल्या गोळ्या कोणी मोजाव्या. एवढ्याला तारीख लागत नाही.

तुमच्या पत्रात लीपचाही उल्लेख आहे. पाच वर्षे उडी मारून नायिकेच्या केसांची रचना बदलली आणि आजोबा होते तसेच राहिले, हे तुम्ही पकडले आहे. इंग्लंडमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका डिसेंबर १९६० पासून चालू आहे, आणि तिच्या पहिल्या भागात विद्यार्थी असलेला केन बार्लो विल्यम रोच यांनी करत करत वृद्ध केला. आपल्याकडे असे होण्याइतकी मालिका जगत नाही, म्हणून वय कॅलेंडरने वाढवले जाते आणि वृद्धांच्या बाबतीत तेही विसरले जाते.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील आम्ही आठजणी वाहिनीला पत्र लिहिणार आहोत. ‘ज्येष्ठ कलावंतांना न्याय द्या आणि त्यांचे सीन वाढवा’ असा मजकूर ठरला आहे. आणखी काय लिहावे? निषेध म्हणून आठवडाभर मालिका बंद ठेवावी, असेही काहीजणी म्हणतात. — एक वाचिका, बिबवेवाडी

उत्तर : मालिका बंद ठेवण्याने काही साधणार नाही. टीआरपी देशभरातील पन्नास हजारांहून अधिक निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढला जातो. ती घरे कोणती हे गुप्त असते आणि तुमच्या आठ घरांत मीटर असण्याची शक्यता नगण्य आहे. तुमचा आठवडा मात्र रिकामा जाईल.

‘सीन वाढवा’ असे तर मुळीच लिहू नका. सीन वाढवणे सर्वांत सोपे असते. आजोबा उद्यापासून चष्मा दोनदा काढतील. त्याऐवजी एकच धागा धरा. पहिल्या दिवशी आजोबा म्हणाले होते की घर त्यांचे आहे. ते कागदोपत्री त्यांचे आहे का, असेल तर पुनर्विकासाच्या करारनाम्यावर सही कोणी केली, आणि नसेल तर ते खोटे का बोलले, हे तीन प्रश्न त्या भागाची तारीख घालून लिहा. वाहिनीत या मालिकेचे काम पाहणारी व्यक्ती बहुधा तरुण असते आणि तिच्यासमोर आकड्यांचे तक्ते असतात. तिला ‘न्याय’ या शब्दाचे काय करायचे ते कळणार नाही, पण हरवलेला धागा कोणी बाहेरून आणून दिला तर तो ती आनंदाने बैठकीत स्वतःचा म्हणून मांडेल. मांडू द्या.

आत्याच्या ट्रंकेविषयी मात्र या पत्रात काही लिहू नका. मी जुने भाग पुन्हा पाहिले. तिची किल्ली लीपच्या आधीच्या आठवड्यात धाकट्या नातवाने गॅलरीतून खाली टाकली होती, आणि ती उचलायला अजून कोणी गेलेले नाही.